हेलपाटा वाचवणारी शिस्त

धाटावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायन कंपनीच्या स्टोअरमध्ये मी बरीच वर्षं काम केलं. पंपाचं सील किंवा व्हॉल्व्ह सापडायला उशीर झाला की तिथं प्लँट थांबायचा आणि थांबलेला प्लँट सगळ्यांना दिसायचा. त्यामुळे कारखान्यांत ‘फाइव्ह एस’ या नावाने चालणारी जपानी पद्धत आम्हांला कोणी पटवून द्यावी लागली नाही. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. नको ते काढा, हवं ते जागेवर लावा, स्वच्छ ठेवा, सगळ्यांची रीत एक करा आणि ती टिकवा.

नोकरी सोडल्यावर रोहा-पेण पट्ट्यातल्या ओळखीच्या लोकांनी आपापली कार्यालयं लावून घ्यायला मला बोलवायला सुरुवात केली. करसल्लागाराचं ऑफिस, पतसंस्था, दवाखाना, वकिलांचं कार्यालय, दाखले काढून देणारं सेवा केंद्र, गणपतीचा कारखाना. अशा ठिकाणी काही थांबलंय हे दिसतच नाही. फाइल सापडत नसली तरी पंखा फिरत असतो, चहा येत असतो, कारकून मान खाली घालून काम करत असतो. थांबलेला असतो तो बाकावरचा माणूस, आणि त्याचा वेळ कोणाच्याच हिशेबात धरलेला नसतो. या कामात जे हाती लागलं ते क्रमाने लिहिते.

१. आधी हेलपाटे मोजा, कपाट नंतर उघडा

पेण तालुक्यातल्या डोंगरावरच्या वाडीतून कातकरी किंवा ठाकूर समाजातला माणूस जातीच्या दाखल्यासाठी खाली उतरतो, तेव्हा त्याची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते. डांबरी रस्त्यापर्यंत चालत, पुढे मिनिडोर किंवा एस.टी., मग झेरॉक्स, मग रांग. खिडकीतून “उद्या या” हे दोन शब्द आले की दुसऱ्या दिवसाचीही मजुरी गेली. कार्यालयातला पसारा किती महाग आहे याचा हिशेब मी या माणसापासून सुरू करते.

टोयोटाचे ताइची ओनो यांनी कारखान्यातल्या वायफळ खर्चाचे सात प्रकार सांगितले: गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट पाहणं, माल इकडून तिकडे नेणं, नको ती प्रक्रिया, साठा, माणसाची अकारण हालचाल आणि चुकीचा माल. कार्यालयात हे सातही सापडतात. पण सात तक्ते भरायला लावले की माणसं तक्तेच भरत बसतात. म्हणून मी एकच गोष्ट मोजायला सांगते. काउंटरवर एक कोरा कागद ठेवायचा. कोणालाही “परत या” म्हणावं लागलं की त्यावर एक रेघ मारायची आणि पुढे दोन शब्दांत कारण लिहायचं. आठवडाभराने तो कागद सगळ्यांनी मिळून वाचायचा.

कारणं फार थोडी निघतात आणि सगळीकडे तीच निघतात. एखादा कागद कमी होता, आमची फाइल सापडली नाही, ज्याला माहीत आहे तो रजेवर होता, सर्व्हर बंद होता. सर्व्हर आपल्या हातात नाही. बाकीची तीन कारणं पूर्णपणे आपल्या हातातली आहेत आणि जास्तीत जास्त रेघा पहिल्याच कारणापुढे पडतात.

एका सेवा केंद्रात कागदपत्रांची यादी भिंतीवर लावलेली होती, पण ती आतल्या भिंतीवर, संगणकाच्या मागे. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला ती दिसायची नाही. आम्ही प्रत्येक दाखल्यासाठी हातात मावेल एवढी, मोठ्या अक्षरांतली चिठ्ठी केली. माणूस पहिल्यांदा येईल तेव्हाच त्याच्याजवळ जे आहे त्यापुढे खूण करायची, नाही त्याभोवती गोल करायचा आणि चिठ्ठी त्याच्या हातात द्यायची. वाचता येत नाही त्यांच्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, सातबारा कसा दिसतो याचे रंगीत नमुने दर्शनी काचेवर चिकटवले. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने सेवा आणि त्यांची मुदत लोकांना दिसेल अशी लावायची जबाबदारी सरकारी कार्यालयांवर टाकलेली आहे. खासगी कार्यालयांवर तसं बंधन नसलं तरी गिऱ्हाइकाची गरज तीच असते.

२. काय काढायचं हे मालकाने ठरवावं, शिपायावर ढकलू नये

“शनिवारी रद्दी काढा” असं सांगून मालक निघून जातात. शिपायाला कुठला कागद कामाचा हे माहीत नसतं. मग एक तर काहीच निघत नाही किंवा नको ते निघतं. कागद टाकायची माणसाला भीती वाटते आणि ती भीती खरी आहे. उद्या नोटीस आली तर काय, हा प्रश्न खोटा नाही. त्या भीतीला उत्तर एकच: प्रत्येक कागदाची मुदत आधी लिहून ठेवणं.

आपल्या सरकारी दप्तरात ही सोय जुनी आहे. ‘अ’ वर्गातला कागद कायम ठेवायचा, ‘ब’ तीस वर्षं, ‘क-१’ दहा, ‘क’ पाच आणि ‘ड’ एक वर्ष. महसूल खात्यातला कोणताही जुना कारकून हे झोपेतून उठवलं तरी सांगेल. खासगी कार्यालयांनीही आपापला अ-ब-क-ड तक्ता करावा. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात. कंपनीची हिशेबपुस्तकं आठ आर्थिक वर्षं. रुग्णालयात दाखल रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षं, असं वैद्यक परिषदेचे २००२ चे नियम सांगतात. अपघाताचं किंवा पोलीस केसचं प्रकरण असेल तर दवाखान्याने ते निकाल लागेपर्यंत हलवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुदत ठरली की गठ्ठा बांधायच्या दिवशीच वर मोठ्या अक्षरांत लिहायचं: ‘अमुक तारखेनंतर नष्ट करावे’. तो निर्णय आजच्या माणसाने घ्यावा, कारण गठ्ठ्यात काय आहे ते आज त्यालाच ठाऊक आहे. दहा वर्षांनी येणाऱ्याला ते कळणार नाही. ज्याबद्दल शंका आहे त्याला लाल चिठ्ठी लावायची. तिच्यावर तारीख आणि निर्णय कोण घेणार त्याचं नाव. लाल चिठ्ठीच्या वस्तू एकाच कोपऱ्यात ठेवायच्या आणि महिन्याच्या शेवटी तो कोपरा रिकामा करायचा.

या कामात सर्वांत जड वाटणारी गोष्ट म्हणजे लोकांचे मूळ कागद. वकील, करसल्लागार, कर्जाचं काम करणारे यांच्या तळच्या खणांत दुसऱ्यांची खरेदीखतं, मूळ गुणपत्रिका, विम्याच्या पॉलिसी वर्षानुवर्षं पडून असतात. एके ठिकाणी निघालेलं खरेदीखत ज्यांचं होतं ते गृहस्थ वारले होते आणि घरची माणसं त्याच कागदासाठी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नक्कल काढायला फिरत होती. तेव्हापासून मी सफाईचा पहिला दिवस फक्त यासाठी राखून ठेवते. दुसऱ्याचा मूळ कागद दिसला की नोंदवहीत लिहायचं, फोन करायचा, सही घेऊन परत द्यायचा. बाकीचा पसारा दुसऱ्या दिवसापासून.

आणि रद्दी म्हणजे वजनावर विकायचा माल असं समजू नका. आधार आणि पॅनच्या झेरॉक्स, रुग्णाचे रिपोर्ट, खात्यांचे उतारे फाडल्याशिवाय बाहेर जाता कामा नयेत. आधारकार्डाच्या झेरॉक्समध्ये बांधून दिलेली भजी मी पेणच्या स्टँडवर हातात घेतलेली आहेत.

३. कामाबरोबर कामाचा कागद फिरला पाहिजे

ही गोष्ट मला जपानच्या आधी पेणच्या गणपतीच्या कारखान्यांनी शिकवली. हमरापूर, जोहे, कळवे या गावांत वर्षभर मूर्ती घडत असतात. आमच्या रायगडात अनेक घरची माणसं आपला पाट कारखान्यात नेऊन देतात. पाटावर घराचं नाव, गावाचं नाव. मूर्ती त्याच पाटावर बसते, त्याच पाटावर रंगते, त्याच पाटावर घरी जाते. ऑर्डर, पत्ता आणि माल कधी एकमेकांपासून सुटतच नाहीत. कारागीर बदलला, मालक आजारी पडला, तरी कोणाचा गणपती कोणाच्या घरी जात नाही. टोयोटात सुट्या भागांच्या पेटीबरोबर जे कार्ड फिरतं, ज्याला ते कानबान म्हणतात, त्याचं काम आमचा पाट कितीतरी आधीपासून करत आलाय.

धंदा वाढला, मुंबई-पुण्याचे व्यापारी शेकड्यांनी मूर्ती नेऊ लागले, तिथं पाट राहिला नाही. एका कारखान्याच्या ऑफिसात काही बुकिंग वहीत होतं, काही मालकांच्या फोनमध्ये, काही त्यांच्या मुलाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. पितांबर कोणत्या रंगाचं, फेटा हवा की मुकुट, हे विचारायला कारागीर दिवसभर ऑफिसात ये-जा करायचे. आम्ही वही, पावती आणि मूर्तीच्या गळ्यातली चिठ्ठी या तिन्हींना एकच क्रमांक दिला. रंगाच्या सूचना चिठ्ठीवर आल्या. चिठ्ठीला प्लास्टिकचं वेष्टन, कारण रंगाच्या फवाऱ्यात साधा कागद टिकत नाही. ज्या दिवशी मूर्ती जायची त्या दिवसाच्या खुंटीला पावतीची प्रत. सकाळी कोणीही भिंतीकडे पाहिलं की आज काय जायचंय ते समजतं.

मुंबईचे डबेवाले नेमकं हेच करतात. झाकणावरचे रंग, अक्षरं आणि आकडे पाहून कुठल्या स्टेशनला उतरायचं, कुठली इमारत, कितवा मजला हे समजतं आणि डबा चार हातांतून जाऊनही वाटेत कोणाला काही विचारावं लागत नाही.

पतसंस्थेच्या कर्जप्रकरणाला हीच रीत लागू पडते. फाइलच्या पहिल्या पानावर टप्प्यांचा तक्ता चिकटवायचा: अर्ज आला, जामीनदारांचे कागद तपासले, मूल्यांकन झालं, कर्ज समितीपुढे गेला, मंजूर, वाटप. प्रत्येक टप्प्यापुढे तारीख आणि सही. “माझ्या कर्जाचं काय झालं?” असं सभासदाने विचारलं तर फाइल उघडणारा कोणीही उत्तर देऊ शकतो.

वस्तूंच्या जागांबद्दल मात्र अतिरेक नको. २००७ च्या सुरुवातीला ब्रिटनच्या महसूल खात्याच्या एका कार्यालयात टेबलांवर काळ्या पट्ट्या लावून स्टेपलर, पेन यांच्या जागा आखल्या गेल्या आणि टेबलावरचं केळं ‘वापरातलं’ की ‘बिनवापराचं’ यापर्यंत चर्चा गेली. कर्मचारी संघटनेने त्यावर जाहीर टीका केली आणि ती योग्यच होती. माझा नियम सोपा आहे. जी वस्तू दोघांपेक्षा जास्त माणसं वापरतात तिचीच जागा आखायची. शिक्के, शाईचं पॅड, पंचिंग मशीन, आवक-जावक रजिस्टर, कपाटांच्या किल्ल्या. ज्याच्या त्याच्या ड्रॉवरमध्ये हात घालायचा नाही. तिथं कोणाचा देवाचा फोटो असतो, कोणाची गोळ्यांची डबी.

४. नगरचा धडा अजून जुना झालेला नाही

कार्यालयांत ही शिस्त आणायला जपानच्या कारखान्याची उदाहरणं द्यावीच लागत नाहीत. महाराष्ट्राकडे स्वतःचं उदाहरण आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखिना अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी होते. त्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयाचा पसाराच हातात घेतला. बैठकव्यवस्था बदलली, अभिलेख लावून घेतले, कोणत्या टेबलावर कोणतं काम आणि ते कोणत्या रीतीने करायचं हे लिहून काढलं, आलेल्या माणसाला कुठं जायचं ते दिसेल अशा पाट्या लावल्या, कर्मचाऱ्यांना त्याचं प्रशिक्षण दिलं. ‘लखिना पॅटर्न’ म्हणून सरकारने ही पद्धत पुढे राज्यभर नेली. आज व्यवस्थापनाच्या वर्गांत जे महागड्या शुल्कात शिकवलं जातं त्यातलं बहुतेक त्यात होतं आणि ते सरकारी पगारावर, सरकारी इमारतीत, त्याच कर्मचाऱ्यांकडून करून घेतलेलं होतं. मला या कामाबद्दल मनापासून आदर आहे.

सरकारी कार्यालयांत रुळलेली ‘सहा गठ्ठे पद्धत’ तर प्रत्येक खासगी कार्यालयाने उचलावी अशी आहे. टेबलावरचं सगळं सहा गठ्ठ्यांत जातं. हातावरची प्रलंबित प्रकरणं. दुसऱ्या कोणाच्या उत्तराची वाट पाहणारी, म्हणजे प्रतीक्षाधीन. ठरावीक मुदतीने पाठवायची नियतकालिकं. कायमस्वरूपी आदेशांची संचिका. अभिलेख कक्षात पाठवायची. नष्ट करायची. करसल्लागाराकडे मी यातले चारच ठेवले: आज आपण करायचं, गिऱ्हाइकाच्या कागदासाठी थांबलेलं, खात्याच्या उत्तरासाठी थांबलेलं, संपलेलं.

यातला ‘थांबलेलं’ हा गठ्ठा सर्वांत महत्त्वाचा. टेबलावरचा ढीग मोठा दिसतो कारण करायचं आणि थांबलेलं एकात एक मिसळलेलं असतं. तेच प्रकरण माणूस दिवसातून अनेकदा उचलतो, अरे याला अजून बँकेचा उतारा यायचाय, असं म्हणून खाली ठेवतो. वेगळा केला की ढीग उतरतो. मग त्या गठ्ठ्यावर वार ठरवायचा. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तो उघडून प्रत्येकाला एक फोन. पेणच्या एका ऑफिसात एवढ्याने मुदतीच्या आदल्या रात्रीची धावपळ निम्म्याहून कमी झाली, असं तिथलीच मुलं सांगतात.

पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी २०१७ मध्ये ‘झिरो पेंडन्सी अँड डेली डिस्पोजल’ राबवलं, तेही याच वाटेवरचं पुढचं पाऊल: आधी जुनं निकाली काढा, मग आजचं आज संपवा. क्रम तोच ठेवावा लागतो. जुना ढीग तसाच ठेवून आजचं आज संपवायला गेलं की दोन्ही राहतात.

५. आपलं टेबल आपण पुसायचं

आमच्याकडे सफाई हे शिपायाचं किंवा मावशींचं काम समजलं जातं. त्याच्या मुळाशी जात आहे, हे न बोलता पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. एका कार्यालयात मी मॅनेजरच्या हातात फडकं दिलं तेव्हा तिथल्या मावशीच घाबरल्या. “ताई, साहेबांना नका सांगू, मी करते ना.” साहेबांनी फडकं घेतलं आणि तिथून त्या कार्यालयातली पद्धत सुरू झाली. याच पेण तालुक्यातल्या गागोद्यात ११ सप्टेंबर १८९५ ला विनोबांचा जन्म झाला. पवनारला असताना ते शेजारच्या सुरगावात रोज चालत जाऊन मैला-सफाई करत. त्यांच्या तालुक्यात फडक्याला हात लावायला कोणी लाजावं, हे मला सहन होत नाही.

आणि जो पुसतो त्याला दिसतं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. भिंतीला आलेली ओल, कपाटामागची वाळवीची मातीची रेघ, वायरच्या जळक्या टोकाचा वास हे हात फिरवणाऱ्यालाच आधी कळतं. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या पुराने जांभूळपाडा उद्ध्वस्त केलं आणि नागोठण्यातही पाणी भरलं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा रोह्यात पत्रे उडाले आणि खाली ठेवलेले कागद भिजून लगदा झाले. म्हणून कोकणात ‘फाइव्ह एस’च्या पाच सूत्रांना माझी एक जोड असते: जमिनीपासून दोन फुटांपर्यंत एकही कागद नाही, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे, आणि मेच्या उन्हात सगळी दप्तरं एकदा बाहेर.

६. दोन डबे

दवाखान्यात सिरिंज, कापूस, केसपेपर अचानक संपतात आणि रुग्णाच्या नातेवाइकाला दुकानात पळवलं जातं. प्रत्येक वस्तूचे दोन डबे ठेवा. पुढचा संपला की मागचा पुढे ओढायचा आणि रिकामा डबा ऑर्डरच्या फळीवर ठेवायचा. रिकामा डबा हीच ऑर्डर. औषधांमध्ये ज्याची मुदत आधी संपते ते पुढे, नवीन माल मागून भरायचा. एवढंच. यासाठी संगणक लागत नाही.

७. व्हॉट्सअ‍ॅप हा आता सर्वांत मोठा माळा आहे

कपाटं लावून झाली तरी खरा पसारा फोनमध्ये असतो. गिऱ्हाईक पॅनकार्डाचा फोटो पाठवतं, बिलं पाठवतं, चेकचा फोटो पाठवतं, तेही कधी ऑफिसच्या नंबरवर, कधी एखाद्या मुलीच्या स्वतःच्या नंबरवर. ती मुलगी लग्न होऊन गेली की कागदही गेले.

नियम तीन. ऑफिसचा नंबर एकच. आलेली फाइल त्याच दिवशी गिऱ्हाइकाच्या फोल्डरमध्ये उतरवायची. नाव ठरलेल्या क्रमानेच द्यायचं: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग गिऱ्हाईक, मग कागद. २०२५-०४-१०, नाव, बँक उतारा. तारीख अशी उलटी लिहिली की संगणक आपोआप ओळीत लावतो. ‘न्यू’, ‘फायनल’, ‘फायनल २’ ही नावं बंद. आणि डेस्कटॉप हे टेबल आहे, संध्याकाळी ते रिकामं दिसलं पाहिजे. फोल्डरचा क्रमांक आणि कपाटातल्या फाइलचा क्रमांक एकच ठेवायला विसरू नका, नाहीतर दोन वेगळी कार्यालयं चालवावी लागतात.

८. काकांना कमी लेखून ही पद्धत येत नाही

प्रत्येक जुन्या कार्यालयात एक काका असतात. कोणती फाइल कुठे, कोणत्या सभासदाचा जामीनदार कोण, १९९८ चं रजिस्टर कोणत्या पेटीत, सगळं त्यांना तोंडपाठ. नवीन मॅनेजर येतो आणि काकांना अडथळा समजतो. हे अन्यायाचं आहे आणि मूर्खपणाचंही. इतकी वर्षं ते कार्यालय त्या आठवणीवर चाललेलं असतं.

रोह्याच्या एका पतसंस्थेत असे एक काका मला सरळ म्हणाले, “सगळं कपाटावर लिहून दिलं, तर मला कशाला ठेवतील?” हा प्रश्न टाळून चालत नाही. संस्थेच्या अध्यक्षांनी त्यांच्यासमोर बसून शब्द दिला की यादी तयार झाली म्हणून कोणाची नोकरी जाणार नाही. आणि नंतर तो पाळला. त्यानंतरच मी पेन काढलं. ‘लीन’, म्हणजे वायफळ खर्च काढून टाकण्याच्या, पद्धतीच्या नावाखाली माणसं कमी करणाऱ्यांनी या पद्धतीचं जेवढं नुकसान केलं तेवढं आळसाने केलं नसेल.

मग काका बोलत गेले आणि शेजारी बसलेली नवीन मुलगी लिहीत गेली. कपाट एक, खण तीन, डावीकडून. मध्येच काका थांबायचे आणि सांगायचे की हा माणूस हप्ता उशिरा भरतो पण बुडवत नाही, भात विकलं की येतो. अशी माहिती कोणत्याच तक्त्यात बसत नाही. तिच्यासाठी वेगळी वही केली. यादी संपली तेव्हा प्रत्येक कपाटाच्या दाराला आतून एक कागद लागला होता आणि खाली काकांची सही होती. नवीन लोकांना कपाटं दाखवायचं काम संस्थेने त्यांच्याकडेच दिलं. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ते रजेवर गेले तेव्हा सभासदांची कामं थांबली नाहीत, आणि त्यांना दवाखान्यात फोन करून कोणी फाइल विचारली नाही.

९. मोसम बघून सुरुवात करा, आणि फोटो काढू नका

गणपतीच्या आधीचे दोन महिने पेणमध्ये, मार्चअखेर पतसंस्थेत, विवरणपत्रांच्या मुदतीआधी करसल्लागाराकडे यातलं काहीही सुरू करू नये. अनंत चतुर्दशीनंतर कारखाने त्यामानाने मोकळे असतात, तेव्हा करावं. एकदम सगळं कार्यालय घेऊ नये. ज्या खणातली वस्तू रोज शोधावी लागते तो एक खण घ्यावा.

‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो लावायची पद्धत मला आवडत नाही. तो फोटो ज्याच्या टेबलाचा असतो त्याची मान खाली जाते. गुण देणंही मी सोडलं. शनिवारी बंद करायच्या आधी अर्धा तास सगळ्यांनी उठायचं, मालकांसकट, आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या विभागातला एक कागद शोधून आणायचा. न विचारता सापडला तर ठीक. नाही सापडला तर कपाटावरची यादी तिथल्या तिथे दुरुस्त करायची.

१०. बाकसुद्धा कार्यालयातच येतो

टेबलाच्या आतली बाजू चकाचक आणि बाहेर उभं राहायला जागा नाही, अशी कार्यालयं मी बरीच पाहिली. पाच सूत्रं काउंटरशी थांबत नाहीत. बसायला बाक, त्यावर पंखा, प्यायचं पाणी, आपला नंबर कधी येईल ते दिसणारा आकडा, म्हातारी माणसं पुढे कशी येतील याची ठरलेली रीत, हे सगळं त्याच यादीत लिहावं लागतं.

बायकांसाठी एक गोष्ट अधिक. तांबडी, भालगाव किंवा त्याहून आतल्या गावातून सकाळी निघालेली बाई दुपारपर्यंत पाणी पीत नाही, कारण स्वच्छतागृह बंद असतं आणि किल्ली मागायची कोणाकडे हे तिला ठाऊक नसतं. पुरुष शिपायाकडे ती मागणार नाही. मी आता कोणत्याही कार्यालयात गेले की कपाटं बघायच्या आधी ती किल्ली कुठे आहे ते विचारते. ती काउंटरच्या बाहेरच्या बाजूला, बायकांच्या हाताला लागेल अशा खुंटीवर हवी, वर ठळक मराठी पाटी हवी, आणि आतल्या नळाला पाणी आहे की नाही हे रोज सकाळी कोण बघणार, त्याचं नाव पाटीखाली लिहिलेलं हवं.